समुद्रावरचा चंद्रोदय आणि कॅमेऱ्याची साक्ष

महाराष्ट्राला सुमारे ७२० किलोमीटर लांबीचा समुद्रकिनारा लाभलेला आहे. या किनाऱ्यावर उभे राहून खुल्या समुद्रातून वर येणारा चंद्र मात्र आजवर कोणी पाहिलेला नाही आणि पुढेही कोणी पाहणार नाही. कारण इतके उघड आहे की ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. चंद्र पूर्वेला उगवतो आणि आपला समुद्र पश्चिमेला आहे. वसईकराला पौर्णिमेचा चंद्र दिसतो तो तुंगारेश्वराच्या डोंगरामागून वर येताना. रत्नागिरीकराला तो सह्याद्रीच्या बाजूने दिसतो. समुद्राच्या वाट्याला येतो तो चंद्राचा अस्त, तोही पहाटे, जेव्हा मच्छीमारांखेरीज फारसे कोणी जागे नसते. अपवाद मुंबईच्या पूर्व किनाऱ्याचा. अपोलो बंदरावरून वा ससून गोदीवरून पाहिले असता चंद्र पाण्यापलीकडून वर येतो खरा. परंतु ते बंदराचे पाणी आहे आणि त्याच्या पलीकडे घारापुरी व उरणचे डोंगर आहेत.

असे असूनही समुद्रावरच्या चंद्रोदयाचे चित्र मराठी घरांत कित्येक वर्षे टांगलेले आहे. दिनदर्शिकांवर, शुभेच्छापत्रांवर, छायाचित्रकाराच्या स्टुडिओतील रंगवलेल्या पडद्यावर तो चंद्र आहे. पाण्यावर रुपेरी वाट आहे आणि एखादे शीड आहे. मी हे लिहितो आहे ते धाराशिव जिल्ह्यातून. जवळचा समुद्र येथून तीनशे किलोमीटरांच्या आसपास आहे आणि येथे पाण्याचा विषय निघतो तो टँकरच्या संदर्भात. तरीही येथील घरांच्या भिंतींवर तोच चंद्र आणि तोच समुद्र मला दिसतो. हे चित्र आले कोठून आणि त्यात खरे किती, याचा शोध घेऊ लागलो तेव्हा छायाचित्रणाच्या इतिहासातील एका जुन्या प्रश्नाशी येऊन थांबलो. कॅमेरा हा साक्षीदार आहे की चित्रकार?

प्रारंभ करावयाचा तर १८५६ सालापासून करावा लागेल. गुस्ताव्ह ल ग्रे हा फ्रेंच छायाचित्रकार त्या वर्षी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर समुद्राची छायाचित्रे घेत होता. त्यांतील एका छायाचित्रात क्षितिजाशी एक डोलकाठ्यांचे जहाज आहे, वर काळोखे ढग आहेत आणि पाण्यावर प्रकाशाचा झगझगीत पट्टा आहे. लंडनमध्ये ते प्रदर्शित झाले तेव्हा लोक थक्क झाले आणि त्याच्या प्रतींना फार मोठी मागणी आली. पाहणाऱ्यांना ते चांदणे वाटले आणि चांदण्यातील जहाज म्हणूनच ते गाजले. वस्तुतः तो चंद्र नव्हता. ढगाआड गेलेला दिवसाढवळ्याचा सूर्य होता.

त्या काळी दुसरे काही शक्यही नव्हते. काचेवर कलोडिऑन नावाचा चिकट द्रव पसरावयाचा, ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावयाची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून छायाचित्र घ्यावयाचे, अशी ती पद्धत. अशी काच चांदण्यात उघडी ठेवली तर समुद्राची आकृती उमटण्यापूर्वीच ती वाळून जाई. उलट भर दिवसा सूर्याकडे तोंड करून क्षणभरच उघडली तर सारे दृश्य काळवंडे, पाण्यावरची चकाकी तेवढी उजळे आणि पाहणाऱ्याला रात्र भासे. समुद्रासाठी एक काच आणि आकाशासाठी दुसरी, असे दोन ठशांचे एकच चित्र करण्याची युक्तीही ल ग्रेने आपल्या काही सागरचित्रांत वापरली. एका किनाऱ्याचे ढग दुसऱ्या किनाऱ्याच्या लाटांवर तरंगू लागले. पुढे अनेक छायाचित्रकारांनी सूर्याची चित्रे गडद छापून, त्यांना निळसर छटा देऊन चांदणे म्हणून विकली. आपल्या भिंतीवरच्या चंद्राची वंशावळ ही अशी आहे.

ल ग्रे समुद्रावर सूर्य टिपत होता त्याच सुमारास आमच्या नळदुर्गच्या किल्ल्यात मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी राहत होता. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर धाराशिवचा मुलूखही इंग्रजांच्या हवाली केला होता. १८६० साली तो परत गेला. टेलर १८५७ पर्यंत येथील कारभार पाहत होता. बोरी नदीवरील बांध आणि त्यावरून कोसळणारे पाणी त्याला फार प्रिय होते. तो हौशी चित्रकार होता; त्याचे साधन पेन्सिल आणि रंग हे होते. चित्रकाराला एक मोकळीक असते. चंद्र कोठे काढावा हे त्याचे त्याने ठरवावयाचे असते आणि पाहणाराही ते जाणून असतो. छायाचित्रकाराला ही मोकळीक जगाने दिली नव्हती. त्याने ती गुपचूप घेतली.

चंद्राचे खरे छायाचित्र तोवर निघालेच नव्हते असे नाही. न्यूयॉर्कमधील प्राध्यापक जॉन विल्यम ड्रेपर यांनी १८४० साली, छायाचित्रणाचा शोध जाहीर होऊन जेमतेम एक वर्ष झाले असताना, चांदीच्या मुलाम्याच्या तांब्याच्या पत्र्यावर चंद्राची प्रतिमा घेतली. त्यासाठी वीस मिनिटे लागली. पृथ्वीच्या फिरण्यामुळे चंद्र दर दोन मिनिटांनी आपल्या स्वतःच्या रुंदीइतका सरकतो. म्हणून वीस मिनिटे त्याचा पाठलाग करीत राहणे हेच खरे कौशल्य होते. १८५१ च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनात हार्वर्ड वेधशाळेतील मोठ्या दुर्बिणीतून घेतलेला चंद्र लोकांनी पाहिला. परंतु या सर्व प्रतिमांत चंद्र एकटा होता. त्याच्याखाली समुद्र नव्हता, झाड नव्हते, घराचे छप्परही नव्हते.

चंद्र आणि समुद्र एकाच काचेवर आणणे इतके अवघड का? चंद्राची भूमी प्रत्यक्षात डांबरी सडकेसारखी काळपट आहे. पण तिच्यावर पडलेले असते ते पूर्ण सूर्यप्रकाशाचे ऊन. म्हणजे चंद्राचे छायाचित्र हे खरे तर उन्हात ठेवलेल्या दगडाचे छायाचित्र होय. समुद्र मात्र रात्रीत असतो. दोहोंच्या उजेडात अफाट अंतर. चंद्रावरचे डाग दिसतील अशा बेताने काच उघडली तर समुद्र काळा ठिक्कर. समुद्र दिसेल इतका वेळ ठेवली तर चंद्र म्हणजे नुसता पांढरा ठिपका, तोही सरकून लांबट झालेला. माणसाचा डोळा ही दोन जगे एकाच वेळी पाहतो आणि त्यात त्याला काही कष्ट वाटत नाहीत. निर्मात्याने दिलेल्या या इंद्रियाची थोरवी मला कॅमेऱ्याच्या या अपयशामुळे अधिक कळली, हे येथे नमूद करावेसे वाटते.

आता साक्षीकडे वळू. फादर अँजेलो सेक्की हे येशूसंघीय धर्मगुरू रोमन कॉलेजच्या वेधशाळेचे प्रमुख होते. १८ जुलै १८६० रोजी स्पेनमध्ये खग्रास सूर्यग्रहण दिसणार होते. ग्रहणाच्या वेळी चंद्राच्या काळ्या बिंबाभोवती तांबूस ज्वाळांसारखे उंचवटे दिसतात. ते सूर्याचे की चंद्राचे, असा वाद त्या काळी होता. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्याजवळील एका डोंगरावर कार्मेल संघाचा मठ आहे. तेथे फादर सेक्की यांनी आपले यंत्र मांडले. वॉरन द ला रू हे इंग्रज शास्त्रज्ञ तेथून शेकडो किलोमीटर दूर, उत्तर स्पेनमधील रिव्हाबेलोसा या गावी होते. दोघांनी स्वतंत्रपणे छायाचित्रे घेतली. ती नंतर शेजारी ठेवून पाहिली तेव्हा दोन्हींत उंचवटे सारखेच आढळले, आणि चंद्र सरकला तसे एका बाजूचे झाकले जात होते व दुसऱ्या बाजूचे उघडे पडत होते. ते सूर्याचेच होते. वाद मिटला. कोणतीही गोष्ट शाबीत होण्यास दोन वा तीन साक्षीदार हवेत, असा दंडक जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकात आहे. मठाच्या अंगणात उभ्या असलेल्या धर्मगुरूच्या मनात त्या दिवशी हा दंडक आला असेल काय, असे मला नेहमी वाटते.

मुंबईत छायाचित्रणाची संस्था १८५४ साली स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचा तिच्याशी संबंध होता आणि त्यांचे बंधू नारायण दाजी तर नामांकित छायाचित्रकारच होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही निघाला. या मंडळींनी माणसे, इमारती, लेणी टिपली. मुंबईच्या उष्म्यात ओली काच सांभाळताना त्यांचे काय हाल होत असतील याची कल्पनाच करावी. समुद्रावरचा चंद्र त्यांच्या आवाक्यातला नव्हता.

मराठी किनाऱ्यावर चंद्रावर कॅमेरे रोखले गेल्याचा गाजलेला दिवस २२ जानेवारी १८९८ हा होय, आणि त्या दिवशी चंद्र काळा होता. खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकणातून देशावर व तेथून पुढे ईशान्येकडे गेला. सर नॉर्मन लॉकियर यांचा चमू विजयदुर्गला उतरला. नौदलाचे खलाशी मदतीला होते. किल्ल्यातील जोत्यांना अद्याप ‘साहेबाचे कट्टे’ म्हणतात. येथे एक दुरुस्ती करणे इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य ठरते. लॉकियर यांनी याच कट्ट्यांवरून १८६८ साली हेलियमचा शोध लावला, असे अनेक लेखांत आणि भाषणांत सांगितले जाते. ते खरे नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाचा वेध जान्सन या फ्रेंच शास्त्रज्ञाने आंध्रातील गुंटूर येथून घेतला आणि लॉकियर यांनी त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये आपले निरीक्षण इंग्लंडमधूनच केले. विजयदुर्गला ते आले तीस वर्षांनी. विजयदुर्गची खरी गोष्ट काही कमी मोलाची नाही. तिला खोट्या तारखेचा टेकू कशाला हवा?

त्याच दिवशी करमाळा तालुक्यातील जेऊर या रेल्वे स्थानकाजवळ अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नाइगमवाला असे दोन चमू होते. जेऊर हे आमच्या परंड्याच्या किल्ल्याहून पश्चिमेला अवघे तीस किलोमीटर. नाइगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यात वेधशाळा उभारली होती. तिच्यातील वीस इंची परावर्तक दुर्बीण तेव्हा देशातील सर्वांत मोठी होती. १९१२ साली वेधशाळा बंद झाली आणि तिची यंत्रे कोडाईकनालला गेली. जेऊरच्या माळावर सुमारे दोन मिनिटांच्या अंधारात घेतलेल्या त्या काचांवर चंद्र दिसतो तो केवळ कडेच्या प्रकाशामुळे.

समुद्र नसलेल्या चंद्रोदयाचे सर्वांत विख्यात छायाचित्रही एका माळरानाचेच आहे. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातील हर्नांडेझ हे लहानसे खेडे. संध्याकाळचे शेवटचे ऊन कॅथलिक चर्चच्या आणि त्यामागील दफनभूमीतील पांढऱ्या क्रुसांवर पडले आहे आणि वर पौर्णिमेला दोन-तीन दिवस उरलेला चंद्र आहे. अॅन्सेल अॅडम्स याने रस्त्यावरून जाताना गाडी थांबवून ते टिपले. प्रकाश मोजण्याचे साधन घाईत सापडेना. पण चंद्राची प्रखरता किती हा आकडा त्याला पाठ होता, त्यावरून त्याने हिशेब केला. एकच छायाचित्र झाले, दुसरे घेईपर्यंत क्रुसांवरचे ऊन गेले होते. तारीख मात्र त्याने लिहून ठेवली नाही आणि पुढे वेगवेगळी वर्षे सांगत राहिला. अखेर खगोल अभ्यासकांनी चित्रातील चंद्राच्या स्थानावरून गणित मांडले. १९९१ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: १ नोव्हेंबर १९४१, दुपारी चार वाजून एकोणपन्नास मिनिटे. आपल्या वाचकांना सांगावयास नको की १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा सण आणि दुसरा दिवस मृतांच्या स्मरणाचा. अॅडम्सला ते ठाऊक होते असे दिसत नाही. चंद्राने ती नोंद ठेवली.

त्या चित्रातील आकाश रात्रीसारखे काळेभोर आहे. प्रत्यक्षात ते तसे नव्हते. अंधाऱ्या खोलीत कागदावर छापताना अॅडम्सने ते गडद केले, आणि वर्षानुवर्षे अधिकाधिक गडद करीत गेला. ही लबाडी म्हणावी काय? माझ्या मते नाही. आपण काय केले आणि का केले हे त्याने स्वतःच्या पुस्तकात सविस्तर सांगितले आहे. ल ग्रेच्या नंतरच्या विक्रेत्यांत आणि त्याच्यात फरक आहे तो एवढाच, परंतु तो मोठा आहे.

काही वर्षांपूर्वी एक स्मरणिका माझ्या हाती आली. मुखपृष्ठावर समुद्र, त्यावर तांबूस चंद्र आणि खाली ‘वसईच्या समुद्रावरील चंद्रोदय’ अशी ओळ. छायाचित्र निर्दोष होते, ओळ चुकीची होती. दिशेचे ज्ञान बाजूला ठेवले तरी हे चंद्राच्या चेहऱ्यावरून ओळखता येते. ज्या डागांत आपल्या लोकांनी ससा पाहिला, त्यांना समुद्र ही नावे दिली ती फादर रिच्चोली या येशूसंघीय धर्मगुरूंनी, १६५१ सालच्या आपल्या ग्रंथात. त्यांचे सहकारी फादर ग्रिमाल्दी यांनी त्यासाठी नकाशा काढला होता. पाण्याचा थेंब नसलेले हे समुद्र. त्यांतील ‘संकटांचा समुद्र’ हा एक सुटा, वाटोळा, गडद ठिपका चंद्राच्या कडेजवळ आहे. आपल्या अक्षांशावर पौर्णिमेचा चंद्र उगवताना हा ठिपका वरच्या बाजूस असतो आणि मावळताना खालच्या. स्मरणिकेवरील चंद्रात तो खाली होता. छायाचित्रकाराने पहाटे उठून मावळता चंद्र टिपला होता आणि त्या पहाटेचे श्रेय त्याला मिळाले नाही. कारण संपादकाला चंद्रोदय अधिक मंगल वाटला असावा. वाचकांनी हा ठिपका लक्षात ठेवावा. दिनदर्शिकांवरचे किती चंद्रोदय या एका खुणेने चंद्रास्त ठरतात, ते पाहून करमणूक होईल.

या कथेचा अगदी अलीकडचा अध्याय २०२३ सालचा. एका मोठ्या कंपनीच्या मोबाइल फोनमधून चंद्राची फार सुस्पष्ट छायाचित्रे येत होती. एका चिकित्सक ग्राहकाने चंद्राचे मुद्दाम अस्पष्ट केलेले चित्र संगणकाच्या पडद्यावर लावले, खोलीत अंधार केला आणि त्या चित्राचेच छायाचित्र फोनने घेतले. पडद्यावर नसलेले खळगे आणि डाग फोनच्या चित्रात उमटले! चंद्र ओळखला की त्याचे तपशील सुधारून दाखविण्याची व्यवस्था त्यात होती. कंपनीने नंतर तिचे स्पष्टीकरण दिले. ल ग्रेने दुसऱ्या काचेवरचे आकाश आणून जोडले तेव्हा निदान जोडणाऱ्याला ते माहीत होते. येथे छायाचित्र घेणारा तरुण प्रामाणिकपणे समजतो की हा मी पाहिलेला चंद्र.

मराठी माणसाला समुद्रातला चंद्रोदय कधी लाभलाच नाही काय? लाभला, पण पूर्वेकडे. तंजावरच्या भोसल्यांच्या राज्याला बंगालच्या उपसागराचा किनारा होता. सरफोजी राजे दुसरे यांनी नेपोलियनच्या पराभवाच्या स्मरणार्थ समुद्रकाठी बांधलेला मनोरा अजून उभा आहे. त्याच्या मजल्यांवरून त्यांना जे दिसत असेल ते शिवछत्रपतींना सिंधुदुर्गाच्या तटावरून कधी दिसले नसेल. आपल्यातले भाविक ज्या वेलांकनीला जातात तीही याच किनाऱ्यावर. २०२५ साली तेथील ८ सप्टेंबरच्या सणाची पूर्वसंध्या नेमकी पौर्णिमेची होती आणि त्याच रात्री खग्रास चंद्रग्रहणही होते.

ज्यांना एवढ्या दूर जावयाचे नाही त्यांनी नळदुर्गला यावे. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या कारकिर्दीत, १६१३ साली, मीर इमादीन या स्थापत्यकाराने बोरी नदी अडवून बांध घातला आणि त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला. चांगला पाऊस झाला तर नर आणि मादी हे दोन्ही धबधबे वाहतात आणि पाणी कोजागरीपर्यंत टिकते. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो. म्हणून छायाचित्रासाठी आदल्या दिवशीची चतुर्दशी बरी. त्या दिवशी तो सुमारे पाऊण तास आधी येतो आणि तटाच्या दगडांवर अजून ऊन असते. चंद्र दरवेळी एकाच जागी उगवत नाही. हिवाळ्यातील पौर्णिमेला तो ईशान्येकडे, ज्येष्ठात आग्नेयेकडे सरकलेला असतो. आश्विनात पूर्वेच्या जवळपास. तेव्हा पंचांग आणि होकायंत्र दोन्ही बरोबर असावीत. आमच्या भागातील दोन तरुण गेल्या दोन-तीन वर्षांपासून हा खटाटोप करीत आहेत. एका वर्षी ढग आले. एका वर्षी बुरुजाची निवड चुकली आणि चंद्र तटामागे उगवला. पुढच्या वर्षी हाती आलेल्या छायाचित्रात चंद्र अगदी लहान आहे, कारण क्षितिजावरचे त्याचे मोठेपण हा डोळ्याचा भास असतो, कॅमेऱ्याला तो होत नाही. साध्या भिंगातून फिल्मवर त्याची प्रतिमा अर्ध्या मिलिमीटरचीही भरत नाही. त्यांचा थोडा हिरमोड झाला. मोठे भिंग भाड्याने मिळते का, याची ते आता सोलापुरात चौकशी करीत आहेत. छायाचित्राच्या मागे त्यांनी तिथी, वेळ, बुरुज आणि दिशा पेन्सिलने लिहून ठेवली आहे.